'हो जी' म्हणायचं नाही

आमच्या मोठ्या सिस्टरबद्दल कोणी हळवं होऊन बोलायला लागलं की मला उठून जावंसं वाटतं. त्यांच्या निरोप समारंभात तर कोणीतरी त्यांना 'वॉर्डाची माउली' म्हणालं. माउली म्हणे! ज्या बाईनं आजोबांच्या वयाच्या माणसांना खाटेवर बसवून शाळकरी पोरांसारखं फैलावर घेतलं, त्यांना माउली म्हणणारा माणूस एक तर कधी आजारी पडला नसेल, नाहीतर दुसऱ्या वॉर्डात पडला असेल. मी त्यांच्या हाताखाली नोकरी केली आहे. मला ही माउली जवळून माहीत आहे.

मी दिग्रसची. वडील कोर्टात कारकून, काका तहसीलमध्ये, घरात सगळे खुर्चीवर बसणारे. मी नर्सिंग केलं आणि नेमणूक मिळाली ती पांढरकवड्याच्या बाजूला, एका तालुक्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात. ती बोंडअळीची वर्षं होती. कापूस पिकवणाऱ्यांचं काय चाललं होतं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, मी नव्यानं सांगत नाही. आमच्यापर्यंत ते पोचायचं ते फवारणीच्या दिवसांत. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, वारा पडलेला, आणि पाठीवर पंप घेऊन दिवसभर त्यात फिरलेली माणसं घाम आणि लाळ गाळत ऑटोतून उतरायची.

मोठ्या सिस्टरना आम्ही सगळे बाई म्हणायचो. बाई मूळच्या नेरच्या. उंच, काटकुळ्या, पायात पुरुषी चपला, आवाज थेट बसस्टँडवरचा. छत्री वॉर्डातही हातात. पाऊस असो नसो. ती कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर म्हणाल्या, खाटेपासून नातेवाईक हटवायला. आणि खरोखरच हटवायच्या, कोंबड्या हाकलाव्या तशा. डबा उभ्यानं खायच्या. कोणाच्या लग्नाला गेल्या तर नवरदेवाला आधी त्याचा रक्तगट विचारायच्या आणि त्याला तो माहीत नसला की आहेर न करता परत यायच्या. स्वतःचं लग्न केलं नाही. का नाही, ते विचारण्याची हिंमत कोणात नव्हती, आणि उत्तर ऐकण्याची तर मुळीच नव्हती.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. आमच्याकडे मोठ्या माणसाशी बोलताना लोक 'हो जी' म्हणतात. समजलं म्हणून नाही म्हणत. समोरच्याचा मान राखायचा म्हणून म्हणतात. डॉक्टर राउंडला यायचे, एका दमात गोळ्या, पथ्य, पुढची तारीख सगळं बडबडायचे आणि शेवटी विचारायचे, समजलं ना? पेशंट म्हणायचा, हो जी. चंद्रावर जाशील का विचारलं असतं तरी तेच उत्तर आलं असतं. डॉक्टर खूश, पेशंट खूश, दोघांचीही सुटका.

बाईंना या दोन शब्दांचा भयंकर राग. "माह्या वॉर्डात 'हो जी' म्हणायचं नाही," असं त्या भरती होणाऱ्या प्रत्येकाला आधीच बजावायच्या. "मी काय सांगतलं, ते तू मले सांग." आणि मग परीक्षा सुरू. घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी सही केलेला सुट्टीचा कागद त्या आपल्या खिशात टाकायच्या आणि खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या. कोणती गोळी कधी? का घ्यायची? संपली तर काय करशील? काय झालं तर परत येशील? सगळं पेशंटनं आपल्या तोंडानं सांगायचं, तेही मोठ्यानं. चुकला की कागद खिशातच. उद्या पुन्हा.

आता विचार करा. बाहेर बैलगाडी नाहीतर ऑटो ताटकळत उभा आहे, घरी म्हैस दूध चोरून बसली आहे, आणि इथं साठीतला माणूस खालमानेनं 'सकाळची पांढरी' की 'संध्याकाळची पांढरी' यात अडकला आहे. मी एकदा म्हटलं, बाई, जाऊ द्या ना बिचाऱ्याला. त्या माझ्याकडे वळल्या आणि त्याच गोळ्यांवर माझी परीक्षा घेतली. अख्ख्या वॉर्डासमोर. मी पास झाले. पण तो अपमान मला अजून पचलेला नाही.

लोक काय करतात? शाळेत करतात तेच. कॉपी. खिडकीजवळच्या खाटेवर साखरेच्या आजाराचे एक आजोबा होते. पायाची जखम भरत नव्हती म्हणून मुक्काम लांबलेला. परीक्षा ऐकून ऐकून त्यांना सगळ्या रोगांची उत्तरं पाठ झाली होती. नवा गडी आला की ते दुपारी त्याची शिकवणी घ्यायचे, आणि परीक्षेच्या वेळी बाईंच्या पाठीमागून बोटांनी खुणा करायचे. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी आजोबांची खाट उचलून सरळ व्हरांड्यात ठेवली. तिथंही आजोबा खिडकीतून डोकावायचे. लोक पास होऊन घरी जायचे. समजून गेले की पाठ करून गेले, हे कोण बघतो? बाई पण नाही बघायच्या. पास केलं की त्यांची छाती फुगायची.

खोटं कशाला बोलू, एखाद्या वेळी त्या बाईचा नेम बरोबर बसायचा. रक्तदाबाची एक म्हातारी वारंवार भरती व्हायची. डॉक्टर गोळी वाढवत चालले होते. बाईंनी तिला गोळी कशी घेतेस ते करून दाखवायला लावलं, तर म्हातारीनं गोळी दातानं तोडली, अर्धी खाल्ली आणि अर्धी पदराला बांधली. ती अर्धी म्हाताऱ्याला. त्यालेही गरगरते म्हणे. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. बाई महिनाभर त्याच तोऱ्यात फिरत होत्या आणि भेटेल त्याला ती गोष्ट सांगत होत्या. सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याकडून परत वदवून घेत होत्या, हे वेगळं सांगायला नकोच. भाजीवालीलासुद्धा त्या सोडत नसत. अर्धा किलो वांगी मागितल्यावर, काय मागितलं सांग बरं, असं विचारायच्या. भाजीवाल्या बाईंना पाहून टोपल्या झाकायच्या.

वरून फवारणीबद्दलचं एक पोस्टर आलं होतं. त्यात एक गुबगुबीत माणूस चष्मा, मुखवटा, हातमोजे, गमबूट घालून हसत फवारत होता. असला माणूस आमच्या तालुक्यात कोणी पाहिला नव्हता. बाईंनी ते पोस्टर संडासात लावलं. साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाल्या, तिथंच तर लोक निवांत असतात. साहेबांनी मान डोलावली. बाईंनी त्यांना विचारलं, मग सांगा साहेब, काय लिहिलंय त्यावर? साहेब म्हणाले, नंतर बघू.

याच दिवसांत प्रल्हाद आला. पंचविशीतला, दहावी पास, मजुरीनं फवारणी करणारा. दुपारच्या उन्हात फवारता फवारता शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, कोसळला होता. बाईंनी त्याचे ओले कपडे कात्रीनं कापून काढले, मागच्या नळाखाली साबण लावून त्याला खसाखसा घासला, मग खाटेवर घेतला. इंजेक्शनं लागू पडली. त्याच्यासोबत त्याची बायको होती, रेखा. सगळा वेळ ती खाटेच्या उशाशी उभी असायची. स्टूल दिलं तरी बसायची नाही. काही विचारलं तर नवऱ्याकडे बघायची, म्हणून मग तिला कोणी काही विचारलंच नाही. बाईंनीही नाही.

प्रल्हाद मात्र बाईंना फार आवडला. काय तर म्हणे, हुशार पोरगा. एकदा सांगितलं की घडाघडा म्हणून दाखवायचा. वाऱ्याच्या उलट फवारायचं नाही. उपाशीपोटी फवारायचं नाही. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही. काम झाल्याबरोबर कपडे उतरवायचे, साबणानं आंघोळ करायची, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवायचे. पहिल्या फटक्यात पास. त्याच आठवड्यात पेपरात बातम्या आल्यामुळे मोठे साहेब गाडी घेऊन आले, तर बाईंनी प्रल्हादला त्यांच्यासमोर उभं करून सगळं म्हणायला लावलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचा चेहरा तर असा, जणू पोरगा बोर्डात पहिला आला. मला नाकानं कांदे सोलणारी माणसं तशीही आवडत नाहीत. त्या दिवशी तर मला त्यांच्याकडे बघवेना.

डॉक्टरांनी प्रल्हादला काही दिवस पंप धरू नको म्हणून सांगितलं, आणि तो घरी गेला.

दहा-बारा दिवसांनी भर दुपारी ऑटो थांबला. प्रल्हादनं दोन्ही हातांवर कोणाला तरी उचलून आणलं. मला वाटलं त्याचा कोणी सोबती असेल. रेखा होती. तोंडातून फेस, अंग घामानं निथळलेलं, श्वासाला घरघर. बाईंनी तिच्या पापण्या उघडून बॅटरी मारली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. हे आम्ही त्या हंगामात इतक्या वेळा पाहिलं होतं की डॉक्टरांची वाटही न पाहता मी इंजेक्शन भरायला घेतलं. बाईंनी प्रल्हादला दरडावून विचारलं, ही फवारायला गेली होती का? तो म्हणाला, नाही. प्यायली का काही? नाही, बाई, देवाशपथ नाही.

"मंग हे कुठून आलं?"

"मले काय मालूम जी. मी तं सगळं तुमी सांगतलं तसंच केलं."

आणि मग त्यानं सांगितलं काय केलं ते. मोठ्या अभिमानानं नाही, घाबरून. पण अभिमान त्यातून डोकावत होताच. स्वतः पंप धरला नाही. फवारणाऱ्या चौघा सोबत्यांबरोबर शेतात जायचा आणि त्यांना बाईंचा धडा शिकवायचा. काम संपलं की सगळ्यांना धुऱ्यावरच कपडे उतरवायला लावायचा, आंघोळीला पाठवायचा. आणि कपडे वेगळे धुवायचे ना, म्हणून चौघांचे कपडे खताच्या चुंगडीत, म्हणजे पोत्यात, भरून आपल्या घरी आणायचा. चौघांच्याही घरची मंडळी खूश. त्यांच्या घरात औषधाचा वाससुद्धा येईनासा झाला.

"धुतले कोणं?" बाईंनी विचारलं.

प्रल्हादला प्रश्नच कळला नाही. तो आधी माझ्याकडे, मग बाईंकडे बघत राहिला.

"घरच्यायनं. दुसरं कोण धुते?"

बाईंनी रेखाचा हात उलटा करून पाहिला. कपडे वेगळे धुवायचे, हे त्यांनी किती माणसांकडून वदवून घेतलं असेल कोण जाणे. सगळे पुरुष. ज्यांनी जन्मात कधी बनियनसुद्धा पिळलेलं नाही असे. त्यांनी पाठ करायचं, बाईंनी पास करायचं, आणि घरी त्या कपड्यांत हात घालायचा तो भलत्याच माणसानं, बायकोनं. एवढी अक्कल शिकवणाऱ्या बाईंना हे सुचू नये? मला नव्हतं सुचलं ते जाऊ द्या, मी काही परीक्षा घेत फिरत नव्हते.

रेखा वाचेल की नाही, हे त्या दिवशी कोणीच सांगू शकत नव्हतं. बाई तिच्या खाटेपासून हलल्या नाहीत. दर थोड्या वेळानं बॅटरी मारून बाहुल्या बघायच्या, लाळ पुसायच्या, नाडी धरून उभ्या राहायच्या. मी चहा आणला तर माझ्यावरच खेकसल्या, चहा कशाला, इंजेक्शनं बघ किती उरली. प्रल्हाद दारात उकिडवा बसला होता. तो आत आला की त्या छत्रीनं दार दाखवायच्या. इतका दुष्टपणा बरा नव्हे, असं मला वाटलं. त्याचं काय चुकलं होतं? त्यानं तर सांगितलं ते सगळं केलं होतं.

रेखा वाचली. शुद्धीवर आली, आधी भ्रमात बरळली, मग झोपली, आणि तिसऱ्या दिवशी उठून बसली. बाईंनी स्टूल ओढलं आणि खाटेजवळ चक्क बसल्या. बसलेल्या बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी काही शिकवलं नाही. कपडे कसे धुतेस ते सांग, एवढंच म्हणाल्या. रेखा म्हणाली, हो जी. मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. पण त्या रागावल्या नाहीत, वाट पाहत राहिल्या.

मग रेखा हळूहळू सांगत गेली. निंदण करून हात चिरलेले होते, साबण लागला की झोंबायचे. कपडे औषधानं कडक व्हायचे, कॉलर तर दगडावर घासूनही निघायची नाही, म्हणून ती हातावर चोळायची. नाल्यावरून घरी आणताना ओलं गाठोडं डोक्यावर, पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. डोकं दुखायचं, मळमळायचं. कोणाला सांगितलं नाही, कारण दुखते तर सगळ्यांचंच. आता कोण धुईन, असं बाईंनी विचारलं.

"मीच धुईन. दुसरं कोण?" रेखा म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर सही केली आणि बाईंनी तो सवयीप्रमाणे खिशात टाकला. मी मनात म्हटलं, आता या मरता मरता वाचलेल्या पोरीची परीक्षा! पण त्यांनी प्रल्हादला आदल्या दिवशीच गावाला पिटाळून चौघांचे न धुतलेले कपडे चुंगडीत भरून आणायला लावले होते. चुंगडी त्यांनी मागच्या नळावर ठेवायला लावली. प्रल्हादच्या हातात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवले, समोर साबणाची वडी ठेवली आणि म्हणाल्या, धू.

प्रल्हाद उभाच. दवाखान्याच्या मागचं ते पटांगण, तिथं पेशंटचे नातेवाईक स्वयंपाक करतात, विड्या ओढत बसतात. बघता बघता गर्दी जमली. एक जण म्हणाला, पाहा रे, धोबी आला. प्रल्हादचं तोंड लाल झालं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, मले धुता येत नाही." खरंच येत नव्हतं. बोर्डात पहिल्या आलेल्या या पोराला एक शर्ट धुता येत नव्हता. बाई म्हणाल्या, येत नाही तर शीक, आणि छत्री उघडून उन्हात उभ्या राहिल्या. कसा धुवायचा, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, त्याला छळायचंच होतं त्यांना. स्वतःचा राग त्याच्यावर काढत होत्या, दुसरं काय.

तो बसला. म्हशीची पाठ चोळावी तसा शर्ट चोळायला लागला. फेस डोळ्यांपर्यंत उडाला. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. व्हरांड्यात मी रेखाला धरून उभी होते, आणि ती माझा हात ओढून ओढून विनवत होती. रडत होती. मरणाच्या दारातून आली तेव्हा रडली नव्हती, नवरा कपडे धुतो म्हणून रडत होती.

"ताई, उठवा न त्यायले. लोक पाहून राह्यले. मी धुतो."

मी तिला जरा दटावलं. तेवढ्यात कोणीतरी मला हाक मारली, मी मान वळवली, आणि ती निसटली. अजून पुरती ताकद नव्हती अंगात, तरी भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरून नळापर्यंत पोचली. वाकली आणि फेसात बुडालेल्या शर्टाकडे तिनं उघडा हात नेला. सवयीनं. आपण नाही का, पोरानं ताट वाकडं धरलं की हात घालत?

"रेखा! हात नोको लावू!"

प्रल्हाद इतक्या जोरात ओरडला की चुलीपाशी बसलेली माणसं उभी राहिली. आमच्याकडे चारचौघांत नवरा बायकोचं नाव घेत नाही. त्यानं घेतलं. तो ताडकन उठून मागे सरकला. ती दचकली, तिचा तोल गेला, ती त्याच्याच अंगावर झुकली. आणि त्या माणसानं दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले. कोपरांवरून फेस गळत होता. बायको समोर पडत होती, धरायला दुसरं कोणी जवळ नव्हतं, आणि तो हात वर करून, अंग मागे झुकवून उभा होता, तिला एक थेंब लागू नये म्हणून.

"बाई, पकडा तिले," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "माह्या हाताले लागलेलं आहे."

छत्री खाली पडली. बाईंनी रेखाला कमरेत धरलं, मी दुसऱ्या बाजूनं धावले. आता कोणी हसत नव्हतं. बाई तिला धरून तशाच उभ्या राहिल्या. मग एका हातानं खिशातला कागद काढला आणि माझ्याकडे दिला. कोणाला काही विचारलं नाही. डोळ्यांत पाणी होतं म्हणावं तर त्या बाईच्या डोळ्यांत मी ते कधी पाहिलेलं नाही, आणि मला पाहायचंही नव्हतं.

प्रल्हाद पुन्हा खाली बसला आणि त्यानं चुंगडीतून पुढचा शर्ट ओढला.